आपण कोणासाठी उठून उभे राहतो?



खान्देशातील कोणत्याही गावात संध्याकाळी घराच्या ओट्यावर चार माणसे बसलेली असतात. कोणी येताना दिसले की त्यांची नजर त्याच्याकडे जाते आणि त्या एका नजरेतच ठरते की उठायचे, की बसल्या जागेवरून 'या' म्हणायचे. तलाठी आला तर आतून खुर्ची येते. केळीचा व्यापारी आला तर चहा येतो. मौलाना आले तर सगळेच उठतात. शेतावरचा सालदार आला तर तो ओट्याखाली उभा राहून बोलतो आणि तसाच परत जातो. यात काही चुकते आहे असे ओट्यावरच्यांना वाटत नाही आणि बहुधा सालदारालाही वाटत नाही.

ही निवड आपल्याला शाळेने शिकवलेली नसते, मदरशानेही नाही. मुले ती मोठ्यांकडे पाहून शिकतात. अब्बा कोणासाठी उठले आणि कोणासाठी उठले नाहीत, हे लहान मूल न बोलता टिपून ठेवते. म्हणून आदर म्हणजे काय, हा प्रश्न विद्वानांच्या चर्चेपुरता नाही. तो आपल्या ओट्यावर, दस्तरखानावर आणि मशिदीच्या दारात रोज सोडवला जातो. कधी बरोबर, कधी चूक. त्या प्रश्नाचा विचार आपण कुरआनची शिकवण, प्रेषित मुहम्मद (स.) यांचे आचरण आणि आपल्याच जळगाव-धुळ्याकडील काही उदाहरणे यांच्या आधारे करू या.

शब्द काय सांगतात?

मराठीत आदर आहे, मान आहे, सन्मान आहे आणि लग्नाच्या मांडवात रुसवे घडवून आणणारा मानपानही आहे. त्यांच्या शेजारी अरबी-फारसीतून आलेले शब्द कित्येक पिढ्यांपासून नांदत आहेत : अदब, इज्जत, कदर, मुलाहिजा. खेड्यातील शेतकरी हे शब्द सहज वापरतो आणि ते कोठून आले याची चौकशी करत नाही. ते आता त्याचेच आहेत.

यातील 'मुलाहिजा' हा शब्द विचार करण्याजोगा आहे. 'कोणाचाही मुलाहिजा ठेवणार नाही' असे आपण म्हणतो तेव्हा भीड, पर्वा किंवा आदर राखणार नाही, असा अर्थ होतो. पण मूळ अरबीत या शब्दाचा अर्थ आहे लक्षपूर्वक पाहणे. म्हणजे ज्याचा मुलाहिजा ठेवायचा, त्याला आधी नीट पाहायचे. ज्याच्यावर आपली नजर ठरतच नाही, त्याचा आदर आपण कसा करणार? सालदाराला आपण हाक मारतो, काम सांगतो, मजुरी मोजतो, पण पाहतो का? 'कदर' या शब्दातही मोल ओळखण्याचा अर्थ आहे आणि मोल ओळखायलाही निरखावे लागते.

मान आणि आदर या दोन शब्दांतही एक भेद करता येतो. मान मागता येतो. मिळाला नाही तर माणूस रुसतो, भांडतो, प्रसंगी नाते तोडतो. आदर मात्र द्यायचा असतो. मानाच्या केंद्रस्थानी 'मी' असतो आणि आदराच्या केंद्रस्थानी समोरचा असतो. आपल्या समाजात मानाची चर्चा फार होते, आदराची कमी होते. पुढे आपण या भेदाकडे पुन्हा येऊ.

'तू', 'तुम्ही' आणि 'आप'

आदर दाखवण्याची सर्वांत जुनी जागा म्हणजे भाषा. मराठीत 'तू', 'तुम्ही', 'आपण' अशा पायऱ्या आहेत. उर्दूत 'तू', 'तुम', 'आप'. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्या घरांत मूल चुकून मोठ्यांना 'तू' म्हणाले की लगेच त्याला दटावले जाते, आणि ते योग्यही आहे.

परंतु एक गोष्ट पाहा. मराठी घरात वडिलांना 'तुम्ही' म्हणणारे मूल आईला बहुधा 'तू' म्हणते. म्हणून आईचा आदर कमी होतो का? त्याहून पुढे जाऊ. दुआसाठी हात उचलून आपण सर्व सृष्टीच्या पालनकर्त्याला हाक मारतो, तेव्हा मराठीत म्हणतो 'तू' आणि उर्दूतही म्हणतो 'तू'. ज्याच्याहून मोठे कोणी नाही, त्याच्यासाठी भाषेतील सर्वांत जवळचे सर्वनाम! तिथे 'तू' मध्ये अनादर नसतो, कारण त्या 'तू' मागे झुकलेले मन असते. प्रेषितांचे सहाबाही त्यांच्याशी बोलताना अरबीतील साधे एकवचनच वापरत. त्यांचा आदर सर्वनामावर अवलंबून नव्हता.

उलट बाजूही आपल्या परिचयाची आहे. 'आप' म्हणून अपमान करता येतो. 'साहेब' म्हणून टोमणा मारता येतो. 'आपली सेवा करायलाच आम्ही बसलो आहोत' असे खिडकीआडून ऐकलेला प्रत्येक माणूस सांगेल की आदरार्थी बहुवचनाने किती खोल जखम होते.

मग रीती-रिवाज फोल आहेत का? मुळीच नाही. कुरआनने सूरह अल्-हुजुरातमध्ये ईमानवंतांना ताकीद केली की प्रेषितांच्या आवाजावर आपला आवाज चढवू नका. सूरह अन्-नूरमध्ये सांगितले की प्रेषितांना हाक मारणे हे एकमेकांना हाक मारण्यासारखे समजू नका. त्याच सूरहमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय आणि सलाम केल्याशिवाय न शिरण्याचा नियम आहे. आवाज, हाक, दार या बाह्य गोष्टी आहेत, तरी अल्लाहने त्यांची दखल घेतली. रीत ही घागरीसारखी असते. घागरीशिवाय पाणी टिकत नाही. पण रिकामी घागर डोक्यावर घेऊन फिरल्याने कोणाची तहान भागत नाही.

प्रेषित (स.) कोणासाठी उठले?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उठून उभे राहणे ही आदराची एक साधी, सर्वांना कळणारी खूण आहे. हदीसच्या ग्रंथांत या एकाच कृतीविषयी जे सांगितले आहे ते एकत्र ठेवले, की आदराचा मोठा धडा हाती येतो.

पहिली गोष्ट अशी की प्रेषितांना (स.) आपल्यासाठी लोकांनी उठणे आवडत नसे. आदरणीय अनस (रजि.) सांगतात की सहाबांना प्रेषितांहून अधिक प्रिय कोणी नव्हते, तरीही ते आले असता सहाबा उठत नसत, कारण त्यांना ते नापसंत आहे हे त्यांना ठाऊक होते. एकदा आजारपणामुळे प्रेषित बसून नमाज पढवत होते आणि मागचे लोक उभे होते. प्रेषितांनी त्यांना बसण्याची खूण केली आणि नंतर समजावले की इराण आणि रोमचे लोक आपल्या बसलेल्या राजांसमोर उभे राहतात, तसे तुम्ही करू नका.

दुसरी गोष्ट : त्यांची कन्या आदरणीय फातिमा (रजि.) भेटीला आल्या की ते स्वतः उठत, पुढे जाऊन त्यांचे चुंबन घेत आणि आपल्या जागेवर त्यांना बसवत. ज्या समाजात मुलगी जन्मली की काही बापांचे तोंड काळवंडत असे, जिथे नवजात मुलींना पुरले जात असे, त्या समाजात एक पिता मुलीसाठी उठत होता.

तिसरी गोष्ट : खंदकच्या युद्धात जखमी झालेले आदरणीय सअद बिन मुआज (रजि.) गाढवावर बसून आले, तेव्हा प्रेषितांनी अन्सारींना त्यांच्यासाठी उठण्यास सांगितले. हा सन्मान होता की जखमी माणसाला उतरवण्यासाठी मदत होती, यावर विद्वानांनी चर्चा केली आहे. दोन्ही अर्थ धरले तरी बिघडत नाही. जखमी माणसाला आधार द्यायला उठणे हा आदरच आहे.

चौथी गोष्ट सर्वांत विचार करायला लावणारी आहे. एक जनाजा जवळून गेला आणि प्रेषित (स.) उठून उभे राहिले. कोणी सांगितले की हा तर एका यहुदी माणसाचा जनाजा आहे. तेव्हा त्यांनी उलट प्रश्न केला, ज्याचा आशय असा होता की तोही एक जीवच नव्हता का? पुढे इराकमध्ये कादिसिया येथे सहल बिन हुनैफ आणि कैस बिन सअद (रजि.) हे दोन सहाबा एका मुस्लिमेतर व्यक्तीच्या अंत्ययात्रेसाठी उठले आणि विचारणाऱ्यांना त्यांनी हीच हकिकत सांगितली. जनाज्यासाठी उभे राहण्याच्या शरई हुकमाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत, पण प्रेषितांनी दिलेल्या कारणाबद्दल मतभेद असण्याचे कारण नाही.

हे चारही प्रसंग शेजारी-शेजारी ठेवा. स्वतःसाठी उठवून घेणे नको. मुलीसाठी, जखमी माणसासाठी आणि अनोळखी, परधर्मीय मृतासाठी उठायचे. मृत माणूस आपले काही भले करू शकत नाही आणि काही वाईटही करू शकत नाही. त्याच्यासाठी जो उठतो, त्याच्या उठण्यात लोभ नसतो आणि भीतीही नसते. आदराची खरी परीक्षा तिथेच होते. तलाठ्यासाठी आपण उठतो तो आदर असेलही, पण तो आदर आहे की सातबाराच्या उताऱ्याची गरज, हे आपल्यालाच नक्की सांगता येणार नाही. सालदारासाठी उठलो तर मात्र शंकेला जागा राहत नाही.

चेहरा वळला तेव्हा

आदर म्हणजे लक्षपूर्वक पाहणे, असे वर म्हटले. कुरआनमध्ये या विषयावर एक संपूर्ण प्रसंग आहे. मक्केतील बड्या सरदारांशी प्रेषित (स.) बोलत होते. ते ईमान आणतील तर इस्लामच्या कार्याला बळ मिळेल, ही त्यांची तळमळ होती. इतक्यात अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (रजि.) हे अंध सहाबी आले आणि काही विचारू लागले. बोलणे तुटले, प्रेषितांच्या कपाळावर आठी आली आणि त्यांनी चेहरा वळवला. हेतू उदात्त होता. अंध माणसाला तो चेहरा दिसलाही नव्हता. तरी अल्लाहने सूरह अबस अवतरित केली आणि त्यातून शिकवण दिली की जो स्वतःला बेपर्वा समजतो त्याच्या मागे लागायचे आणि जो तळमळीने धावत येतो त्याच्याकडे दुर्लक्ष करायचे, हे योग्य नाही.

यात आपल्यासाठी दोन बोध आहेत. समोरच्याला कळले नाही म्हणून अनादर मिटत नाही. तो अल्लाहला कळतो. आणि चांगल्या कामाची घाई हे लहान माणसाकडे पाठ फिरवण्याचे कारण होऊ शकत नाही. पुढे हेच उम्मे मक्तूमचे पुत्र मदिनेत अजान देत आणि प्रेषित प्रवासाला जाताना अनेकदा मदिनेची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवत.

आज आपला चेहरा कितीदा वळतो? वृद्ध दादी एखादी जुनी गोष्ट तिसऱ्यांदा सांगत असते आणि नातवाची नजर मोबाइलवर असते. तो मान डोलावतो, 'जी दादी' म्हणतो. शब्द अदबीचे आहेत. चेहरा वळलेला आहे.

खान्देशातील दोन नोंदी

ऐकणे हा आदराचा केवढा मोठा प्रकार आहे, हे आपल्या खान्देशच्या इतिहासात दोन ठिकाणी दिसते.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर प्रवचन देत. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते. गुरुजी त्याआधी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, स्वतः सिद्धहस्त लेखक होते. पण तिथे त्यांनी आपली लेखणी दुसऱ्याच्या बोलण्यासाठी वाहिली. विनोबा बोलत गेले, गुरुजी टिपत गेले आणि अठरा प्रवचनांचा तो ग्रंथ मराठीला मिळाला. त्या ग्रंथाचा विषय आपल्या श्रद्धेहून वेगळा आहे, हे उघड आहे. पण लिहिता येणारा माणूस स्वतः गप्प बसून दुसऱ्याचे शब्द जपतो, हे शील कोणत्याही धर्माच्या माणसाने शिकावे असे आहे. याच दोघांविषयी आणखी एक गोष्ट आपण कृतज्ञतेने आठवली पाहिजे. विनोबांनी अरबी शिकून कुरआन मुळातून वाचले आणि त्यातील निवडक आयतींचे संकलन तयार केले. साने गुरुजींनी मराठी वाचकांसाठी 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तक लिहिले. दुसऱ्याच्या धर्माचा आदर करतो असे म्हणणे सोपे आहे. त्यासाठी एक अवघड भाषा शिकायला बसणे सोपे नाही. आपल्यापैकी किती जणांनी शेजाऱ्याची श्रद्धा त्याच्याच तोंडून, मध्ये न बोलता, ऐकून घेतली आहे?

दुसरी नोंद जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांची. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या आपल्या बोलीत ओव्या रचत. पुत्र सोपानदेव स्वतः कवी होते. अशिक्षित आईची गावरान गाणी म्हणून त्यांना ती सोडून देता आली असती. पण घरच्यांनी ती ऐकली आणि उतरवून घेतली. बहिणाबाईंचे निधन 1951 मध्ये झाले आणि 1952 मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. जिला शाळेचे दार दिसले नाही, तिच्या नावाच्या पदव्या आज आपली मुले-मुली घेत आहेत. हे घडले, कारण कोणीतरी जात्याजवळ बसून ऐकले.

आपल्या अम्मी-नानींच्या तोंडी काय काय आहे? अहिराणीतल्या, तडवी बांधवांच्या बोलीतल्या, आपल्या घरच्या उर्दूतल्या म्हणी, गाणी, अनुभव, उपाय. त्यांना आपण 'अनपढ' म्हणून बाजूला ठेवले असेल तर विचार करावा. बोलीला हसणे म्हणजे ती बोलणाऱ्याला हसणे असते.

आदर कमवावा लागतो का?

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. काही वाचक म्हणतील, आदर कमवावा लागतो. खोटारड्या, जुलमी किंवा आळशी माणसाचा आदर कशासाठी करायचा?

याचे उत्तर देताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. सूरह बनी इस्राईलमध्ये अल्लाहने सांगितले आहे की त्याने आदमच्या संततीला प्रतिष्ठा बहाल केली. तिथे ईमान, वंश, संपत्ती, वय यांची अट नाही. ही प्रतिष्ठा, ज्याला अरबीत 'करामत' म्हणतात, कमवावी लागत नाही. ती जन्मासोबत मिळते आणि जनाज्यापर्यंत टिकते. दुसरा आदर गुणांचा आहे : ज्ञानाचा, वयाचा, सचोटीचा, तक्व्याचा. तो कमी-अधिक होतो आणि व्हावा. सूरह अल्-हुजुरातच्या शिकवणीनुसार अल्लाहजवळ सर्वाधिक प्रतिष्ठित तो, जो सर्वाधिक तक्वा बाळगतो. पण तक्वा हृदयात असतो आणि हृदयाचे माप आपल्या हाती दिलेले नाही. म्हणून आपल्या वाट्याला उरते ते पहिल्या आदराचे कर्ज, जे प्रत्येकाला द्यायचे आहे.

यातूनच दुसरा गोंधळ सुटतो. आदर करणे म्हणजे प्रत्येक गोष्ट मान्य करणे नव्हे. सूरह लुकमानमध्ये आई-वडिलांविषयी सांगितले आहे की त्यांनी अल्लाहसोबत भागीदार ठरवण्यासाठी दबाव आणला तर त्यांचे ऐकू नका, पण या जगात त्यांच्याशी भल्या रीतीने वागा. एकाच आयतीत नकारही आहे आणि सद्वर्तनही आहे. 'माझे ऐकत नाही म्हणजे माझा आदर करत नाही' असे म्हणणाऱ्या बापाने ही आयत वाचावी आणि 'मला पटत नाही म्हणून मी उद्धट बोलणार' असे समजणाऱ्या मुलानेही वाचावी. धर्माच्या बाबतीतही तेच. आपली तौहीदची श्रद्धा अढळ आहे. तरी इतर लोक ज्यांची आराधना करतात त्यांना अपशब्द बोलू नका, असा स्पष्ट आदेश सूरह अल्-अन्आममध्ये आहे.

मान दुखावतो तेव्हा

आता मान आणि आदर यांतील भेदाकडे परत येऊ, कारण त्याची किंमत आपल्या प्रदेशाने मोजली आहे. 6 जानेवारी 2013 हा दिवस धुळे विसरलेले नाही. एका उपाहारगृहाच्या बिलावरून झालेली बाचाबाची चिघळत दंगलीपर्यंत गेली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जणांचे प्राण गेले. त्या मृत्यूंच्या न्यायाचा प्रश्न मोठा आहे आणि तो स्वतंत्र आहे; बिलाच्या वादाने त्याचे उत्तर होत नाही. पण शहराच्या शांततेचा धागा किती बारीक असतो, हे त्या दिवसाने दाखवले.

बाचाबाचीत माणूस काय वाचवत असतो? बहुधा आपला मान. चार लोकांसमोर 'तू कोण?' असे कोणी विचारले की रक्त तापते. अशा वेळी मान राखण्यासाठी आवाज चढवणारा प्रत्यक्षात समोरच्याचा आदर हिरावतो, मग समोरचाही तेच करतो. सूरह अल्-फुरकानमध्ये रहमानच्या बंद्यांचे वर्णन आहे : ते जमिनीवर नम्रपणे चालतात आणि अडाणी लोक त्यांच्याशी हुज्जत घालू लागले तर सलामतीची गोष्ट बोलून पुढे होतात. जो उत्तर न देता निघून जातो, तो भित्रा नसतो. त्याची प्रतिष्ठा अल्लाहने दिलेली असल्याने ती कोणाच्या शिवीने कमी होत नाही, हे त्याला ठाऊक असते. आपल्या तरुणांना हे सांगितले पाहिजे, आणि सांगण्याआधी वडीलधाऱ्यांनी ते करून दाखवले पाहिजे. लग्नात वरमायीचा मान राहिला नाही म्हणून जेवणावरून उठणारा मामा भाच्याला संयम शिकवू शकत नाही.

घरापासून, दस्तरखानापासून

मग प्रत्यक्ष काय करावे? प्रेषितांच्या जीवनातील तीन प्रसंग आपल्या रोजच्या जगण्याला लावून पाहू.

प्रेषितांना (स.) एकदा पेय आणून दिले गेले. त्यांच्या उजवीकडे एक मुलगा बसला होता, अनेक भाष्यकारांच्या मते ते अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) होते. डावीकडे वयोवृद्ध मंडळी होती. रीतीप्रमाणे प्याला उजवीकडच्याला द्यायचा. प्रेषितांनी त्या मुलाला विचारले की मी आधी या मोठ्यांना देऊ का? मुलगा म्हणाला की आपल्याकडून मिळणारा वाटा मी कोणालाही देणार नाही. कोणी त्याला दटावले नाही. प्याला त्याच्याच हाती आला. लहानांवर दया न करणारा आणि मोठ्यांचा सन्मान न राखणारा आपल्यातला नाही, असे ज्या प्रेषितांनी बजावले, त्यांनीच लहानाचा हक्क त्याला विचारून जपला. आपण मुलांकडून आदराची अपेक्षा करतो. त्यांना कधी काही विचारतो का?

खन्सा बिन्त खिजाम (रजि.) यांचा पूर्वी एक विवाह झाला होता. पुढे वडिलांनी त्यांच्या इच्छेविरुद्ध दुसरा निकाह लावला. त्या प्रेषितांकडे गेल्या आणि तो निकाह रद्द ठरवला गेला. वडिलांचा आदर राखूनही मुलीचे म्हणणे ऐकले गेले. आपल्याकडे मुलगी पाहायला येणाऱ्यांच्या मानपानाची यादी तयार असते, पण जिचा निकाह आहे तिला शांतपणे, एकांतात, नकाराची मोकळीक देऊन विचारणारी घरे किती?

मशीद झाडणाऱ्या एका व्यक्तीचे निधन झाले. लोकांनी ती बाब क्षुल्लक समजून प्रेषितांना न कळवताच दफन केले. काही दिवसांनी ती व्यक्ती दिसेना म्हणून प्रेषितांनी चौकशी केली आणि कळल्यावर कबरीवर जाऊन नमाज पढली. झाडणारा माणूस दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. हाच तो मुलाहिजा, हेच ते पाहणे. रावेर-यावलच्या बागांत केळीचे घड वाहणारे, जळगावच्या डाळ मिलमध्ये पोती उचलणारे, धुळ्यात यंत्रमागावर रात्रपाळी करणारे, आणि आपल्याच मशिदीत पहाटे सर्वांआधी उठून अजान देणारे मुअज्जिन : यांच्यापैकी कोणी चार दिवस दिसले नाही तर आपल्याला कळेल का? ज्या मुअज्जिनला आपण 'हजरत' म्हणतो, त्याचा पगार महिना उलटूनही थकलेला असेल तर तो शब्द त्याला काय सांगत असेल? मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्याआधी द्या, ही शिकवण हिशेबाची आहे, तशीच आदराचीही आहे.

एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. नमाजच्या सफमध्ये आपण खांद्याला खांदा लावतो. मशिदीबाहेर पडताच पिंजारी, मनियार, बागवान, खाटीक, तडवी, मोमीन अशा ओळी पुन्हा लागतात. बिरादरी असणे हा गुन्हा नाही. कुरआन सांगते की कबिले ओळखीसाठी आहेत. पण त्याच सूरहमध्ये एकमेकांची टिंगल करण्यास, टोमणे मारण्यास आणि वाईट टोपणनावे ठेवण्यास मनाई आहे. एखाद्या बिरादरीचे नाव आपण हसण्यासाठी किंवा हिणवण्यासाठी घेतले, तर सफमध्ये जोडलेला खांदा आपण स्वतःच तोडला.

वाचकहो, या आठवड्यात एक छोटी गोष्ट करून पाहा. आपण कोणासाठी उठतो आणि कोणासाठी उठत नाही, हे कोणालाही न सांगता पाहत राहा. ज्याच्याकडून काही मिळणार नाही आणि ज्याची काही भीती नाही, अशा एका माणसासाठी जागेवरून उठा, त्याला नावाने बोलवा, बसायला जागा द्या आणि त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत ऐका. घरातले लहान मूल ते पाहील. त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

हे अल्लाह! तू आदमच्या संततीला जी प्रतिष्ठा दिलीस, ती पाहणारे डोळे आम्हाला दे. मोठ्यांपुढे आमचा आवाज नम्र ठेव आणि लहानांपुढे आमचे हृदय. आमच्या शहरांत व गावांत शांती नांदू दे आणि आमचे चेहरे कोणत्याही दुबळ्याकडून वळू देऊ नकोस. आमीन.